अप्पांना पाहिजे तसा रिमोट

नागुबाईला आपला नवरा आवडतो का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. आवडण्या-नावडण्याचा प्रश्न तिच्या लग्नात कधी निघालाच नव्हता. किंमत म्हणाल, तर शिवरुद्रअप्पांची किंमत तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच मनाशी ठरवून टाकली होती, आणि तीत भर घालावी असं पुढच्या सगळ्या आयुष्यात अप्पांच्या हातून काही घडलं नाही.

त्या दिवाळीत घरात रेडिओ आला होता. पेडगावची नागुबाई तेव्हा नवी नवरी. अप्पा बोरीच्या बाजारपेठेतल्या आपल्या किराणा दुकानात निघाले की रेडिओचं बटण उपटून बंडीच्या खिशात घालायचे. गल्ल्याची किल्ली, कपाटाची किल्ली, कोठीची किल्ली करदोड्याला आणि रेडिओचं बटण खिशात, असा हा धनी दुकानावर बसायचा. आपल्या माघारी बायको गाणी ऐकते म्हणजे काय? दुपारी नागुबाई पक्कड घेऊन बटणाचा नुसता दांडा फिरवायची आणि पोळ्या लाटत गाणी ऐकायची. दांड्यावर ओरखडे पडलेले दिसले तेव्हा अप्पांनी रेडिओ उचलून कपाटावर ठेवला. भांडण नाही, शब्द नाही. त्या माणसाला भांडायलाही बायको बरोबरीची वाटत नव्हती. पुढं टीव्ही आला तो लाकडी दारांचा, त्या दारांना कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली कुठं गेली हे आता सांगायला नको.

अशा माणसाला गावात काय म्हणतात? कर्तबगार म्हणतात. अप्पांची शिस्त, अप्पांचा करारीपणा, अप्पांचा शब्द. दुकानात तराजू जराही हलू न देणारा हा करारी माणूस घरी जेवून उठला की ताट तिथंच राहायचं. हात ताटात धुवायचा, ताटावरून पाय पलीकडं टाकायचा आणि जायचं. मोरी दहा पावलांवर होती. दहा पावलं हातात ताट घेऊन गेलं तर इज्जत सांडेल अशी त्यांना भीती होती की काय, देव जाणे.

वय झालं, गुडघे गेले, दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. तराजू तेवढा अप्पांनी घरी आणून ठेवला. आता दिवसभर घरात बसायचं आणि हुकूम सोडायचे, एवढंच काम उरलं. बापाचं मन रमावं म्हणून हैदराबादला नोकरीला असलेल्या पंकजनं भिंतभर टीव्ही आणला, त्याला बॉक्स जोडला, इंटरनेटची कांडी खोचली, खाली लांबलचक स्पीकर ठेवला आणि चार रिमोट बापाच्या पुढ्यात मांडले. कुठला आधी, कुठला नंतर, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. अप्पा मान हलवत होते. समजलं नाही की मान जास्त हलवायची, हे दुकानदारीतलं जुनं कसब.

पंकज परत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी टीव्ही लावला. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. त्यांनी दुसरा रिमोट घेतला, निळाही गेला. तिसरा दाबला तर आवाज आला, चित्र नाही. चौथा त्यांनी मांडीवर आपटला.

नागुबाई उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पंकज सांगत होता तेव्हाही ती तिथंच होती, पण तिच्याकडं बघून कुणी सांगत नव्हतं, त्यामुळं ऐकायला तिला भरपूर मोकळीक मिळाली होती. तिच्या लेखी ती फोडणी होती. आधी तेल, तेल तापलं की मोहरी, मोहरी तडतडली की जिरं. आधी टीव्हीचा, मग बॉक्सचा, मग स्पीकरचा, आणि कांडीवरचं काही बघायचं असेल तर शेवटी तिचा. ज्यानं जन्मात फोडणी दिली नाही तो थंड तेलात हळद टाकून बसणारच.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिनं तडातड चार बटणं दाबली आणि भिंतीवर बातम्यांचा गोंधळ सुरू झाला. अप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. "पंकजनं काही तरी बिघडवून ठेवलं व्हतं," एवढंच म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. तिसऱ्या दिवशीही. मग आतल्या खोलीकडं तोंड करून अप्पांना हाक मारावी लागली, "अगं, लाव की जरा."

"आत्ता कणिक मळायलेय. थांबा जराशिक."

थांबणं ही गोष्ट अप्पांच्या आयुष्यात आली ती अशी. लोक त्यांच्यासाठी थांबायचे, गिऱ्हाइकं थांबायची, बायको तर जेवायलाही थांबायची. आता अप्पा निळ्या पडद्यापुढं हात मांडीवर ठेवून बसायचे आणि आतून लाटण्याचा आवाज ऐकायचे. नागुबाई कणिक जरा जास्तच मळायची. पोळ्या त्या दिवसांत फार मऊ होत होत्या.

घाईत एकदा ती पिठाच्या हातानंच आली. टीव्हीच्या रिमोटचं पुढचं टोक पिठानं माखलं आणि रिमोट मुका झाला. पदरानं टोक पुसलं, तो बोलायला लागला. या यंत्राचा जीव पुढच्या काळ्या काचेत आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. विचारलंय कुणी?

आणि एका दुपारी जेवून अप्पा उठले, नेहमीसारखा पाय ताटावरून पलीकडं टाकला आणि म्हणाले, "लाव."

"लावते की. हे सगळं आवरून मोरीत नेते, भांडी घासते, मग लावते."

अप्पांनी घड्याळाकडं बघितलं. त्यांचा चर्चेचा कार्यक्रम सुरू व्हायला आला होता, ज्यात आठ माणसं एकाच वेळी ओरडतात आणि अप्पांना वाटतं की आपल्याला देशाचं सगळं कळलं. त्यांनी खाली वाकून ताट उचललं. दहा पावलं गेले, मोरीत ताट ठेवलं आणि हात झाडत परत आले. आभाळ कोसळलं नाही.

नागुबाईनं टीव्ही लावून दिला आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. एवढंसंच तर होतं. आयुष्यभरात एवढंसंच होतं, आणि त्यासाठी भिंतभर टीव्ही लागला.

तेव्हापासून ताट रोज मोरीत जाऊ लागलं. अप्पांना झोप लागली की नागुबाई कांडीवरची आपली मालिका लावायची. कोरिया नावाच्या कुठल्याशा मुलखातली माणसं, पण बोलायची हिंदी, आणि हिंदी तिला निजामाच्या राज्यात वाढलेल्या सासऱ्यामुळं चांगली कळायची. त्यात एक विधवा शेवयांचं दुकान चालवत होती आणि तिचा दीर त्या दुकानाच्या किल्लीवर टपून बसला होता. नागुबाई पडद्याकडं बघत त्या बाईला म्हणायची, "देऊ नको गं त्याला. मेल्याला हातबी लावू देऊ नको."

अप्पांना मात्र बायकोला हाक मारावी लागते ही गोष्ट घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती. शिकून घ्यायचं तर चार दिवसांचं काम होतं. पण शिकायचं कुणाकडून, तर बायकोकडून! त्यापेक्षा अप्पांनी डोंगर पोखरायला घेतला. बोरीतल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन ते म्हणाले, "असा रिमोट दे, एका बटणात सगळं चालू झालं पायजे. लय बटणं नकोत, दिमाग खराब होतो."

त्या पोरानं दिला तो जोंधळ्याच्या कणसासारखा बटणांनी भरलेला होता आणि त्यानं टीव्ही तेवढा चालू व्हायचा. तो परत केला. जिंतूरहून तोंडानं सांगितलं की चालणारा रिमोट आणला. अप्पा त्याच्यावर खेकसले, जसे जन्मभर दुकानातल्या गड्यांवर खेकसले. रिमोट ढिम्म. बोलायच्या आधी एक बटण दाबून धरायचं होतं, पण आधी काही करायचं ही अप्पांची रीतच नव्हती. आधी ओरडायचं, मग दुसऱ्यानं करायचं. तोही परत गेला. पंकजला फोन झाला, त्याला चार शिव्या गेल्या. "बाबा, आईला विचारा ना, तिला येतं," असं तो बिचारा म्हणाला, त्याबद्दल आणखी दोन.

शेवटी परभणीत भुजंग नावाच्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता लागला. चारी रिमोट कापडी पिशवीत घालून अप्पा एसटीनं गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी, भर उन्हात, एवढ्या लांब. नागुबाईनं त्यांना पिशवी सांभाळत फाट्याकडं जाताना बघितलं. आजारपणात तिला परभणीच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं तेव्हा याच गुडघ्यांचं कारण पुढं आलं होतं, ते तिला आठवलं.

भुजंगचं काम चोख होतं. त्यानं जुना रिमोट आणि नवा रिमोट समोरासमोर धरून एकेक बटण नव्याला शिकवलं. कांडी टीव्हीच्या रिमोटवरच्या बाणांच्या बटणांवरच चालते, तिला वेगळा रिमोट लागत नाही, हेही सांगितलं. नवा रिमोट हाताच्या पंजाएवढा, मोजकी ठसठशीत बटणं. लाल दाबलं की सगळं आपोआप एकामागून एक चालू. "पुढच्या काचेची तेवढी काळजी घ्या अप्पा," तो म्हणाला, "सगळं तिथूनच जातं." अप्पांनी मान हलवली. बरीच हलवली.

"आन हे जुने चार?" भुजंगनं विचारलं.

"ठीव तुझ्याकडंच. घरी नेऊन काय करायचं?"

घरी नेले असते तर ते पुन्हा तिच्या हाती गेले असते. एवढा दूरचा विचार या माणसानं दुकानाच्या बाबतीत केला असता तर आज परभणीत माडी असती.

त्या संध्याकाळी अप्पांनी लाल बटण दाबलं आणि सगळं चालू झालं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग रिमोट बंडीच्या खिशात घातला. तोच खिसा. नागुबाई बघत होती.

दुसऱ्या दिवशी ताट जागेवरच राहिलं. अप्पा हात धुऊन, पाय ताटावरून टाकून पलंगावर जाऊन बसले. झोपताना रिमोट उशीखाली. मालिकेतल्या त्या बाईच्या हातून किल्ली गेली की राहिली, हे कळायचा मार्ग बंद झाला. नागुबाईनं ताट उचललं. एवढे दिवस ते हलकं कधी झालं होतं, हे तिला आता जड लागल्यावर कळलं. एकदा ती म्हणालीसुद्धा, "दुपारी मला देत जावा की थोडा वेळ. तुमी झोपलेलेच असता."

"ती चपट्या तोंडाची माणसं बघायला? काय कळतं तुला त्यातलं?"

हे कोण बोललं, तर ज्याला निळ्या पडद्यातलं काही कळत नव्हतं तो. नागुबाई उठून भांडी घासायला गेली. आता लाटण्यामागं लपायलाही काही उरलं नव्हतं.

असं करता करता खंडेनवमी आली. दुकान होतं तेव्हा या दिवशी अप्पा तराजू, मापं, सुतळीची सुई, सगळं धुऊन मांडायचे आणि प्रत्येकाच्या कपाळी तीन बोटांनी भस्म ओढायचे. यंदा त्यांनी पाटावर तराजू मांडला, विळा आणि अडकित्ता मांडला, आणि मधोमध, मानाच्या जागी, रिमोट. आधी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली, मग हत्यारांची. तराजूला भस्म लागलं, विळ्याला लागलं. रिमोटपाशी आल्यावर अप्पांनी क्षणभर विचार केला. याचं कपाळ कुठलं? पुढची काळी काच अगदी कपाळासारखीच दिसत होती. त्यांनी ओलं भस्म तीन बोटांवर चांगलं जाड घेतलं आणि काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत त्रिपुंड्र ओढलं. वर कुंकवाचा टिळा. भक्तीत कसर नको.

नागुबाई आरती घेऊन शेजारी उभी होती. पिठाचा तो दिवस तिला आठवला. सांगावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण अप्पा म्हणाले, "मधी उभी राहू नको, सावली पडायलीय." ती बाजूला झाली.

दसऱ्याला संध्याकाळी अप्पांचा चुलतभाऊ महांतेश सोनं द्यायला आला. त्याला आठवडाभर आधीपासून ऐकवून झालं होतं, की आपल्या घरी आता एका बटणात सगळं चालतं. आपट्याची पानं दिली, पाया पडून झालं, तो खुर्चीवर ऐसपैस बसला. अप्पांनी पूजेपासून पाटावरच ठेवलेला रिमोट उचलला, हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. उठून जवळ गेले, जवळून दाबलं. सेल काढून पुन्हा घातले. मग यादी सुरू झाली. लाइटवाले हरामखोर, कंपनी चोर, भुजंगनं फसवलं, पंकजला अक्कल नाही. नाचता येईना तेव्हा अंगणाचा एकेक कोपरा वाकडा निघत गेला. कपाळाला ठळक भस्म लावलेला रिमोट त्यांच्या हातात होता, आणि तेवढं सोडून त्यांची नजर सगळीकडं फिरली. शेवटी ती नागुबाईवर आली.

"तू हात लावलास का ह्याला?"

"पूजेतल्या वस्तूला मी कामून हात लावू?" ती चहाचे कप ठेवत म्हणाली.

महांतेश मिशीत हसत होता. त्याला टीव्हीपेक्षा हेच बघायला जास्त मजा येत होती. "राहू द्या अप्पा," तो म्हणाला, "आमच्या घरी चला, दोन रिमोट हाईत पण चालतेत तरी."

हे मात्र लागलं. अप्पांचा चेहरा पडला. एरवी कुणाचाही पडला असता तर नागुबाईला वाईट वाटलं असतं. तिनं मनात चाचपून बघितलं, काही सापडलं नाही. ती दाराला टेकून उभी राहिली आणि थांबली. थांबण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं.

"अगं," अप्पा खाली बघत म्हणाले, "बघ की जरा."

तिनं रिमोट हातात घेतला, नमस्कार केल्यासारखा कपाळाला लावला आणि पदराआड त्याच्या काचेवरून अंगठा घट्ट फिरवला. अप्पांची नजर पडद्यावर होती. बायकोचे हात काय करतात हे बघायची त्यांना सवयच नव्हती. तिनं लाल बटण दाबलं आणि भिंत उजळली.

"वैनीच्या हाताला गुण हाय," महांतेश म्हणाला.

महांतेश गेल्यावर अप्पांनी रिमोट मागून घेतला, दोनदा लावून बघितला आणि खिशात घातला. आभार वगैरे काही नाही. आभार मानले असते, नुसतं "बरं झालं" म्हणाले असते, तरी नागुबाईनं पुढचं केलं नसतं. असं ती स्वतःला सांगते. खरं असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा अंघोळीला गेले तेव्हा बंडी खुंटीला होती. नागुबाईनं आपली पूजा आटोपली, खिशातून रिमोट काढला, देवापुढं ठेवला आणि त्याच्या कपाळी तीन बोटांनी भस्म ओढलं. अप्पांनी ओढलं होतं त्यापेक्षा जाड.

अप्पा बाहेर आले. "हे काय?"

"खंडेनवमीला तुमीच सुरू केली न्हवं पूजा? दुकानात तराजूला रोज भस्म लागायचं. ह्याला एकच दिवस लावून सोडायचं म्हंजे कसं दिसतं?"

अप्पांना पटलं. धर्माची गोष्ट होती आणि शिवाय सुरुवात त्यांनीच केली होती, म्हणजे बरोबरच असणार. त्यांनी बटण दाबलं. काही नाही. भस्म पुसायची त्यांची छाती नव्हती, आणि भस्मानं काही अडत असेल हे त्यांच्या डोक्यात येणं तर शक्यच नव्हतं. आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं..."

"कणिक मळायलेय. थांबा."

हे पाप आहे का, याचा विचार नागुबाईनं एकदा शांतपणे केला. तिनं नवऱ्याला फसवलं होतं, देवाला नाही. देवाला उलट रोजच्यापेक्षा जास्त भस्म जात होतं. नवऱ्याचं म्हणाल तर रेडिओच्या बटणाचा हिशेब अजून बाकी होता.

आता गावात अप्पा ठासून सांगतात, की काही काही वस्तूंना हात लागतो तो एखाद्याचाच. महांतेशलाही तसंच वाटतं. पंकजचा फोन आला तेव्हा त्यानं विचारलं, "आई, नवीन रिमोट कसा आहे? बाबांना जमतोय का?"

"लय सोपा हाय," नागुबाई म्हणाली. "त्यांना पायजे व्हता तसाच निघाला."

फोन ठेवला तेव्हा अप्पांचं जेवण झालं होतं. त्यांनी ताटात हात धुतला, एक पाय उचलला आणि तिच्याकडं बघितलं. ती मांडीवर रिमोट घेऊन बसली होती. अप्पांनी पाय खाली ठेवला, वाकले, ताट उचललं आणि मोरीकडं निघाले.

"ठेवून येऊ नका नुसतं," ती मागून म्हणाली. "घासून ठेवा."

मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. नागुबाईनं अंगठ्यानं काच पुसली आणि तिची मालिका लावली. शेवयांच्या दुकानाची किल्ली अजून त्या बाईजवळच होती.